निळं पाणी, नॅनो पावडर आणि माशाचा कल्ला

गेल्या आठवड्यात ग्रुपवर निळ्या कुत्र्यांचा जुना फोटो पुन्हा फिरला. फोटो खरा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री रंगाने निळी झाली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिथला एक कारखाना बंद केला. शेजारीच कासाडी नदी वाहते.

फोटोखाली आपल्या एका सभासदाने विचारलं, "रंग खाणारी नॅनो पावडर निघाली म्हणतात. ती आपल्या तलावात टाकली तर?" आधी उत्तर सांगतो: टाकायची नाही. आता कारण.

आपल्या आदिलाबादेत कापूस पांढरा असतो. रंग चढतो तो सोलापूर, इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांत. त्यातला बराच रंग धाग्याला न चिकटता धुण्याच्या पाण्यात जातो. धुतला तरी निघू नये म्हणूनच तो बनवलेला, त्यामुळे नदीतही लवकर मोडत नाही. पाणी गडद झालं की ऊन खाली उतरत नाही, शेवाळाला प्राणवायू तयार करता येत नाही आणि मासा वर येऊन तोंड मारू लागतो.

आता नॅनो म्हणजे काय, ते कल्ला उघडून बघा. इवल्याशा जागेत किती बारीक पाकळ्या! तेवढ्या पृष्ठभागामुळेच मासा पाण्यातला थोडकासा प्राणवायू ओढून घेतो. नॅनो पावडरचं गणित तेच. एक सेंटिमीटरचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले तर ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! एवढ्या जागेवर रंगाचे कण चिकटतात. लोखंडाच्या चुंबकीय ऑक्साइडची पावडर असेल तर रंगासकट ती चुंबकाने बाहेर ओढता येते. टायटॅनियम डायऑक्साइडची तऱ्हा वेगळी. उन्हातले अतिनील किरण पडले की ते रंगाचा रेणूच तोडतं.

पण रंग गेला म्हणजे विष गेलं, असं नाही हं. अझो जातीचे रंग अर्धवट तुटले तर अमाइन नावाची द्रव्यं उरतात, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षाही घातक असतात. पाणी मात्र नितळ दिसतं.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. जी पावडर रंगाला चिकटते, ती कल्ल्यालाही चिकटू शकते. म्हणून हे काम कारखान्याच्या टाकीतच व्हायला हवं, पाणी बाहेर सोडण्याआधी, आणि पावडर परत गोळा करून. तलावात टाकलेली पावडर कोण गोळा करणार? आपण सोडलेलं रोहू-कटल्याचं बीज तिथंच वाढतंय.

पैनगंगेत किंवा तलावात रंगीत पाणी दिसलं, तर स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा, बर्फात ठेवा. वार, वेळ, जागा लिहा, फोटो काढा. मेलेले मासे विकू नका, खाऊ नका. त्याच दिवशी मत्स्य विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. तपासणीत नुसता रंग नको, विरघळलेला प्राणवायू आणि सीओडी पण मोजायला सांगा. रोहू-कटल्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. कुणी पावडर विकायला आलं, तर डब्याचा फोटो आधी ग्रुपवर टाका.