तिळगूळ सगळ्यांसाठी



संक्रांत जवळ आली. घरोघरी तीळ निवडणं, भाजणं सुरू झालं असेल. म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला विषय घेतलाय तिळगुळाचा.

तिळात जवळपास निम्मं तेल असतं. म्हणूनच थंडीत तो अंगाला ऊब देतो. तेलाला जुना शब्द ‘स्नेह’. प्रेमालाही आपण स्नेहच म्हणतो. तीळ म्हणजे स्नेह आणि गूळ म्हणजे गोडी. लाडवात हे दोन्ही एकत्र येतात.

प्रांत बदलला की रूप बदलतं. बेळगावकडे कन्नड शेजारणी एळ्ळु-बेल्ल देतात. त्यात तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि पुटाणी डाळ असते. ग्वाल्हेरला गजक, बडोद्याला उत्तरायणाची चिक्की. पण तीळ सुटत नाही, आणि वाटणंही सुटत नाही.

आता विचार करू या. तिळगूळ कोणाला द्यायचा, याला काही अट आहे का? नाही. लहान मोठ्यांना देतात, मोठे लहानांना देतात. शेजारी, दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांच्या हातावर तो पडतो. मग रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात मात्र आपण यादी का करतो? जिचा नवरा गेला, ती आपली वहिनी, आपली शेजारीण, कालपर्यंत आपल्याबरोबर वाण लुटणारी मैत्रीण यंदा यादीत नसते. ती काही बोलत नाही. पण दार लावून घरात बसते, हे आपल्याला माहीत असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एक गाव करू शकलं, तर आपला दिवाणखाना का नाही?

घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालायची गरज नाही. “सासूबाई, तिलाही बोलावते हं,” एवढं प्रेमाने सांगावं. बोलावल्यावर कोपऱ्यात बसवू नये. वाण सगळ्यांना सारखंच द्यावं. कुंकू लावून घ्यायचं की नाही, हे तिचं तिला ठरवू द्यावं. आपण फक्त तबक पुढे करावं.

लाडू वळताना आपल्याला ठाऊक असतं की पाक गरम आहे तोवरच हात चालवायचा. थोडं पोळतं, पण गार झाल्यावर लाडू वळत नाही. बोलावण्याचंही तसंच आहे. पुढच्या वर्षी बघू म्हटलं की राहून जातं.

अभ्यासासाठी:
1. माझ्या यादीतून यंदा कोणाचं नाव गळलं आहे?
2. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्या घरी तिळगूळ घेऊन मी आधी जाईन का?
3. “गोड बोला” हे मी दुसऱ्याला सांगते. घरात मी स्वतः कशी बोलते?

उत्तरं वहीत लिहावीत. रथसप्तमीनंतरच्या सत्संगात ज्यांना वाटेल त्यांनी सांगावं.

तिळगूळ घ्या, गोड बोला.