गरोदरपणाची तपासणी आणि ऊसतोडीचा हंगाम



लागण, खते, खोडवा यांविषयी आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. शेतकी खात्याने बाळंतपणावर कशाला लिहायचे, असे काहींना वाटेल. पण टोळ्या आणायच्या आम्ही आणि त्या उतरायच्या आपल्या बांधावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली एखादी बाई गाव सोडतानाच चार-पाच महिन्यांची गरोदर असते. पुढचे महत्त्वाचे दिवस तिचे आपल्या फडात जातात.

या कामी आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी मुलूख, दवाखाना लांब, बाळंतपण घरी सुईणीच्या हातून. खेड्यात नर्स ठेवून पाहिली, पण बाहेरची बाई गावात टिकेना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची असे ठरले. अशा बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या अनेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावी जाऊन घरोघर फिरायच्या. पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की सरळ, हे त्या ओळखू लागल्या. जोखमीची बाई वेळेत दवाखान्यात पाठवू लागल्या. जुन्या सुईणींनाही स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा यांचे शिक्षण मिळाले. कमी खाल्ले की मूल लहान राहते आणि सुटका सोपी होते, हा त्या भागातला पक्का समज होता. तो डॉक्टरांच्या भाषणाने निघाला नसता. शेजारच्या बाईने चुलीपाशी बसून सांगितले म्हणून निघाला.

१९७१ साली प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत! १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्या मते खरी करामत त्या बायकांची.

आज हे काम उपकेंद्राच्या नर्सबाई आणि आशाताई करतात. पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचे आणि बाळंतपणापर्यंत निदान चार वेळा तपासणी करून घ्यायची. (जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ वेळा सांगते.) दर खेपेस वजन, रक्तदाब, लघवी, रक्तातले हिमोग्लोबिन, पोटाची वाढ आणि बाळाचे ठोके पाहतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे समजावे. ७ च्या खाली गेले तर धोका मोठा. चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी, निदान १८० दिवस. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचास काळी होते म्हणून अनेकजणी गोळ्या टाकून देतात. त्यात घाबरण्याचे काही नाही.

एकच नर्सबाई पहिल्या महिन्यापासून पाहत असली की तिला फरक चटकन दिसतो. मागच्या खेपेस रक्तदाब ११० होता, आज १४० झाला, हे मागचा आकडा समोर असेल तरच कळते. आपण उसाच्या प्लॉटला एकदाच जाऊन उताऱ्याचा अंदाज सांगतो का?

आणि ऊसतोडीत नेमके इथेच सगळे तुटते. गावची नर्सबाई गावात राहते, कार्ड पेटीत राहते आणि बाई शंभर कोसांवर पहाटेच्या गारठ्यात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते. खाडा पडेल म्हणून ती तपासणीला जात नाही. इथल्या आशाताईंना ती आल्याचे माहीतच नसते. अशी गत फक्त टोळीतल्या बाईचीच होते असे नाही. आपली लेक सातव्या महिन्यात माहेरी येते तेव्हा तिचे कार्ड सासरीच राहिलेले असते, हेही पाहून घ्या.

गाभण गाय व्यायच्या आधी दोन महिने आपण आटवतो. मग माणसाला मोळी का चढवू द्यावी? शेवटच्या महिन्यांत तिने वाडे बांधावे, हलके काम करावे. त्यापायी फड एखादा दिवस लांबेल. तेवढे सोसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोप्या पडल्या की घरातल्या बाईने जाऊन विचारावे. मुकादमाला विचारून हे कळत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत आहे का ते पाहावे. नसले तरी तपासणी अडत नाही, आपल्या उपकेंद्रात नोंद होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी बैलगाडीची वाट पाहू नये, मोटारसायकलवरही बसवू नये. आपली जीप किंवा रिक्षा द्यावी. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले काहीही दिसले तर ९ तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. रात्र असली तरी.

गट ऑफिसात याल तेव्हा टोळीत गरोदर बाई असल्यास तिचे नाव, गाव आणि कितवा महिना एवढे शेतकी मदतनीसाकडे लिहून द्यावे. त्याच दिवशी आम्ही उपकेंद्राला निरोप पोचवू.