टिपेश्वर दोनदा पाहा

शुष्क पानझडी जंगल पुस्तकात एका परिच्छेदात संपतं. यवतमाळ जिल्ह्यात ते समजून घ्यायला दोन फेऱ्या हव्यात: एक पाऊस ओसरल्यावर, दुसरी भर एप्रिलमध्ये. सगळा फरक पाण्याचा असतो.

जायचं कसं?
टिपेश्वर अभयारण्य सुमारे 148 चौरस किलोमीटरचं आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं पांढरकवडा मुक्कामाला सोयीचं. सुन्ना आणि माथनी या गेटांवरून सफारी निघते. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच करा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. पावसाळ्यात सफारी बंद असते.

जंगलात काय पाहाल?
ऑक्टोबरमध्ये सागाची रुंद पानं ऊन अडवतात. एप्रिलमध्ये तोच साग उघडा असतो, कारण पानांतून उडणारं पाणी त्याला परवडत नाही. गळालेला पाचोळा वाळवी फस्त करते आणि अस्वल वाळवीवर जगतं. मोहाची फुलं पडली की त्यांच्यावरही अस्वल येतं. वानरं झाडावर चरत असतील तर खाली चितळ शोधा. वरून पडलेला पाला त्यांना आयता मिळतो. वाघ दिसो न दिसो, कोण कोणावर जगतं याची नोंद दोन्ही फेऱ्यांत करा.

अभयारण्याची सीमा मात्र नकाशापुरतीच. 2019 मध्ये इथला ‘वॉकर’ हा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आपला प्रदेश शोधणाऱ्या वाघाला जंगलांना जोडणारा पट्टाही लागतो. परतताना शेतांच्या कडेची झुडपं त्या नजरेने पाहा.

वाहतं आणि साचलेलं पाणी
दुसरा दिवस उमरखेड तालुक्यातल्या सहस्रकुंडासाठी ठेवा. इथे पैनगंगा खडकावरून कोसळते. फेसाळत्या पाण्यात प्राणवायू भरपूर मिसळतो. बाजूच्या साचलेल्या डबक्यात तो कमी आणि शेवाळ जास्त. त्यामुळे दोन्हीकडचे कीटक वेगळे. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे, म्हणून विसर्गाची चौकशी केल्याशिवाय पात्रात उतरू नका.

काठच्या उथळ पाण्यातला एखादा दगड उलटून पाहिलात, तर तो होता तसाच परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला अळ्या आणि अंडी चिकटलेली असतात. उघड्यावर ती सुकून मरतात.