लाकडी पेन : टीचभर लाकडातून जोडधंदा

दारे-खिडक्या तयार करताना उरणारे लाकडाचे लहान तुकडे सुताराच्या घरी बहुधा चुलीत जातात. त्यांतील सुमारे १३ सेंटिमीटर लांबीचा आणि २ सेंटिमीटर जाडीचा एक निर्दोष तुकडा एका लाकडी पेनास पुरतो. कच्च्या मालाची ही सुलभता हे या जोडधंद्याचे बलस्थान होय. मात्र लाकूड स्वस्त म्हणून पेनही स्वस्त, असा समज करून घेतल्यास कारागिराच्या पदरी केवळ श्रम उरतात.

लेथवर लाकूड कातण्याचे कसब महाराष्ट्रास नवे नाही. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब ही कातारी मंडळींची नित्याची कामे. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे व खेळणी तर सर्वपरिचित आहेत. हेच कसब पेनासाठी वापरता येते.

लाकडाची निवड

बाभूळ, चिंच, शिसव, सागवान यांसारखी टणक व घट्ट रेषांची लाकडे उत्तम. फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग विशेष खुलून दिसतो. यासाठी स्वतंत्र वृक्षतोड करण्याचे कारण नाही. वखारीतील वा सुताराकडील उरलेले तुकडे पावतीसह घ्यावेत.

लाकूड पूर्ण वाळलेले असणे अत्यावश्यक आहे. पेनाच्या आत पितळी नळी असते. ओले लाकूड वाळताना आकसते, परंतु पितळ आकसत नाही. परिणामी महिन्या-दोन महिन्यांनी लाकडास चीर पडते आणि ग्राहक कायमचा दुरावतो. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना मेण लावून ते सावलीत, हवेशीर जागी ठेवावेत व दर आठवड्यास वजन करावे. वजन घटण्याचे थांबले की लाकूड वाळले असे समजावे.

कृती

पेनाचे धातूचे सुटे भाग संचरूपाने बाजारात मिळतात. बारीक पेनाच्या प्रचलित संचात ७ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्या असतात. संच निवडताना त्याची रिफिल गावच्या दुकानात मिळेल याची खात्री करावी. रिफिल न मिळाल्यास उत्तम पेनही निरुपयोगी ठरते.

तुकड्यावर पेन्सिलीने खूण करून त्याचे दोन भाग करावेत. पुढे दोन्ही भागांच्या रेषा जुळविण्यास ही खूण उपयोगी पडते. प्रत्येक भागास मधोमध आरपार छिद्र पाडावे. छिद्र पाडताना गिरमिट वारंवार बाहेर काढून भुसा मोकळा करावा, अन्यथा उष्णतेने लाकूड तडकते. नळी घासकागदाने खरखरीत करून इपॉक्सीने आत चिकटवावी. ती पक्की बसल्यावर लाकडाची टोके नळीच्या कडेशी काटकोनात समतल करावीत.

त्यानंतर दोन्ही भाग लेथच्या दांड्यावर चढवून धारदार पटाशीने हळूहळू कातावेत. प्रथम जाड व नंतर बारीक घासकागद वापरावा. शेवटचा हात लेथ थांबवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने द्यावा. लाखेच्या पॉलिशने उत्तम चकाकी येते. परंतु हाताच्या घामाने ती कालांतराने मंदावते, हे ग्राहकास आधीच सांगावे. शेवटी धातूचे भाग शेगड्यात अलगद दाबून बसवावेत.

लेथजवळ काम करताना साडीचा पदर, उपरणे, सैल बाह्या व बांगड्या टाळाव्यात. डोळ्यांस चष्मा व नाकातोंडास मुखपट्टी हवीच. कारण लाकडाचा बारीक भुसा दीर्घकाळ श्वासावाटे जाणे फुप्फुसांना व नाकाला अपायकारक असते.

किंमत कशी ठरवावी ?

उदाहरणादाखल पुढील हिशेब पाहावा. समजा, सुटे भाग १२० रुपये. घासकागद, पॉलिश, वीज, वेष्टन व यंत्राची झीज मिळून ३० रुपये. आणि ताशी ८० रुपयांप्रमाणे दीड तासाची मजुरी १२० रुपये. एकूण खर्च २७० रुपये झाला. दहांपैकी एक पेन वाया जाते असे धरल्यास विक्रीयोग्य पेनाचा खर्च ३०० रुपये पडतो. दुकानदार विक्रीच्या किमतीचा चौथा हिस्सा घेणार असेल, तर तेथील किंमत ४०० रुपये ठेवावी लागेल. याहून कमी दराने विकणारा कारागीर आपली मजुरीच सोडून देत असतो. आकडे स्थानिक दरांनुसार बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही.

साहाय्य व बाजारपेठ

परंपरेने हातकाम करणाऱ्या कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आणि खेळणी बनविणे यांचा समावेश आहे. योजनेत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य, तसेच ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीस मिळतो. शासकीय सेवेतील व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय पात्र नाहीत. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत स्तरावर होते. ती वेळेवर न झाल्यास गरजू कारागिराचा अर्ज तेथेच अडतो, याची जाणीव पंचायत सदस्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.

उत्पादन थोडे असल्याने मोठी बाजारपेठ शोधण्यापेक्षा जवळची मागणी आधी हेरावी. शाळांची पारितोषिके, सेवानिवृत्तीचे निरोपसमारंभ, पाहुण्यांचे सत्कार यांसाठी दरवर्षी भेटवस्तू विकत घेतल्या जातात. शाल-श्रीफळाबरोबर गावातल्याच लाकडाचे आणि गावातल्याच हातांनी घडविलेले पेन दिल्यास त्यासाठी होणारा खर्च गावातच मजुरीच्या रूपाने राहील. अशी मागणी महिनाभर आधी नोंदवावी, म्हणजे लाकूड वाळल्याची खात्री करण्यास कारागिरास अवधी मिळेल.

या धंद्यावर संपूर्ण संसार चालेल अशी अपेक्षा आरंभी धरू नये. परंतु शेतीची कामे नसताना, पावसाळ्यात सुतारकाम मंदावले असताना, रिकाम्या हातांना काम आणि घरखर्चास हातभार लावण्याची क्षमता त्यात निश्चित आहे.