एक तंतू, अनेक वाटा : प्रकाशतंतूंच्या जाळ्यातील तरंगलांब्यांचे वाटप

शेत भिजणे हे पाटात पाणी किती आहे यावर जसे अवलंबून असते, तसेच पाण्याची पाळी कशी लावली यावरही अवलंबून असते. दूरसंचाराच्या क्षेत्रातही हाच न्याय लागू पडतो.

अतिशुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठविता येतील, हा विचार चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडला. या कार्याबद्दल काव यांना २००९ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक लाभले. पुढे एकाच तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबीचे अनेक किरण एकाच वेळी पाठविण्याचे तंत्र सिद्ध झाले. सुमारे १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास काचेत प्रकाशाची हानी सर्वांत कमी होते. म्हणून दूर पल्ल्यासाठी हाच पट्टा निवडला जातो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. त्यात साधारण ०.८ नॅनोमीटर अंतर राखून अनेक वाटा आखता येतात.

मात्र या वाटपाला दोन नियम आहेत. एकाच तंतूच्या एकाच टप्प्यावर एक तरंगलांबी एकाच दिशेने दोघांना देता येत नाही. तसेच मध्ये तरंगलांबी बदलणारी खर्चिक यंत्रणा नसेल, तर किरणाने आरंभापासून शेवटापर्यंत एकच तरंगलांबी राखली पाहिजे.

उदाहरणादाखल पुणे–सातारा–कराड–कोल्हापूर असा एक मार्ग कल्पू या. त्यावर दोनच तरंगलांब्या उपलब्ध आहेत. त्यांना ‘क’ व ‘ख’ म्हणू. पुणे–सातारा या मागणीस ‘क’ दिली आणि कराड–कोल्हापूर या मागणीस ‘ख’ दिली. आता पुणे ते कोल्हापूर अशी थेट मागणी आली, तर प्रत्येक टप्प्यावर एक तरंगलांबी मोकळी असूनही ती नाकारावी लागेल. कारण सलग मोकळी अशी एकही उरलेली नाही. याउलट, पहिल्या दोन्ही मागण्यांना ‘क’च दिली असती, तर ‘ख’ संपूर्ण मार्गावर मोकळी राहिली असती. इतकेच नव्हे, तर सातारा–कराड अशी चौथी मागणीही ‘क’वर भागली असती. साधने तेवढीच, फरक केवळ वाटपाचा.

म्हणूनच तरंगलांब्यांना अनुक्रम देऊन, मार्गभर मोकळी असणारी पहिली तरंगलांबी द्यावी, असा एक सोपा नियम प्रचलित आहे. सरळ मार्गावर सर्व मागण्या आधीच ज्ञात असल्यास, सर्वाधिक गर्दीच्या टप्प्यावर जितक्या मागण्या असतील तितक्याच तरंगलांब्या पुरतात. वर्तुळाकार मार्गांवर मात्र त्याहून अधिक लागू शकतात. गुंतागुंतीच्या मोठ्या जाळ्यांत तर सर्वोत्तम वाटप शोधणे संगणकालाही जड जाते.

ग्रामपंचायतींना हा विषय परका नाही. त्यांच्यापर्यंत प्रकाशतंतू नेण्याची केंद्र शासनाची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत वापरलेल्या जीपॉन पद्धतीत गावाकडे येणारा संदेश १४९० नॅनोमीटरवर, तर गावाकडून जाणारा १३१० नॅनोमीटरवर चालतो. एकाच तंतूवर दोन्ही दिशांची वाहतूक परस्परांस बाधा न आणता होते, ती या विभागणीमुळेच.

नवा तंतू टाकायचा तर रस्ते खोदावे लागतात, परवानग्या घ्याव्या लागतात, पैसा व काळ खर्ची पडतो. तेव्हा जाळे अपुरे पडते अशी तक्रार आली, की आधी वाटप तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.