सीटखालची टाकी

प्रश्न : आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली विलीज जीप आमच्याकडे अजून चालते. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरनं उतरायचं, सीटची गादी उचलायची, मग झाकण. पंपावरची पोरं हसतात. टाकी अशी बुडाखाली का ठेवली? इतर गाड्यांची झाकणं कधी डावीकडे, कधी उजवीकडे, हे कोण ठरवतं? शिवाय आमची टाकी पाझरते आहे. विट्यातच वेल्डिंग मारून घ्यावी का?
– एक वाचक, विटा

उत्तर : पोरांना हसू द्या. एके काळी सीटखालची टाकी हीच रीत होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पेट्रोल ओढणारा पंपच नव्हता. टाकी वर, कार्बोरेटर खाली आणि पेट्रोल आपल्या वजनानं उतरणार. टाकी पुढच्या सीटखाली, किती पेट्रोल उरलं ते काठी बुडवून बघायचं. चढावर नाक वर झालं आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की इंजिनापर्यंत काही पोचायचंच नाही. मग लोक गाडी फिरवून उलट्या गिअरमध्ये चढ चढवत. अशी गाडी खंबाटकी घाटात आणली असती तर आपल्याकडच्या ट्रकवाल्यांनी ती मिरवणूक नक्की थांबून पाहिली असती. 1927 च्या डिसेंबरात आलेल्या मॉडेल ए गाडीत फोर्डनं टाकी उचलून थेट समोरच्या काचेपुढे नेली. चढाचं दुखणं गेलं, पण चालकाच्या गुडघ्यांसमोर पेट्रोल आलं.

पुढे इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप आला. आपले मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. त्यानंतर टाकी कुठेही बसवता येऊ लागली आणि बहुतेकांनी ती मागे, डिकीखाली ढकलली. तुमच्या जीपलाही हा पंप आहे, म्हणजे टाकी सीटखाली ठेवण्याची तिला सक्ती नव्हती. पण गाडी आखूड, मागचा हौदा माणसं आणि सामान यांच्यासाठी मोकळा हवा, आणि सुमारे 57 लिटरचं वजन दोन्ही चाकांच्या जोड्यांमध्ये राहिलेलं बरं. त्यात खडकाळ रानातून जाताना टाकी खाली लोंबकळून चालणार नव्हती. या सगळ्यांतून उरलेली जागा म्हणजे ड्रायव्हरची सीट. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये हीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-2ए म्हणून आली, तेव्हा टाकी तिथंच ठेवून तोंड तेवढं पत्र्याबाहेर काढलं.

म्हणजे भोक कुठे पाडायचं हे आधी यंत्र ठरवतं, शोभा मागून येते. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून घडवलेली छोटी जीप 2021 च्या डिसेंबरात देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये दिलीही. ती गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. तिथं किकला पाय पोचण्याची सोय आधी बघावी लागणार, पत्रा त्यानंतर.

शोभेनं यंत्रावर कुरघोडी केल्याचेही नमुने आहेत. 1941 च्या कॅडिलॅकनं झाकण मागच्या दिव्यामागे दडवलं. 1956 च्या शेवरलेनंही तेच केलं. नवख्या माणसानं गाडीभोवती चकरा मारत बसायचं! फोक्सवॅगन बीटलची टाकी पुढे, त्यामुळे कित्येक वर्षं पेट्रोलसाठी पुढचं बॉनेट उघडावं लागे. बाहेरचं झाकण 1968 च्या मॉडेलला मिळालं.

डावं-उजवं याला मात्र कायदा नाही. सायलेन्सरची नळी एका बाजूला असली तर तोंड शक्यतो दुसऱ्या बाजूला काढतात, बाकी कारखान्याची मर्जी. आताच्या गाड्यांत पेट्रोलच्या काट्याजवळ बारीक बाण असतो, तो बाजू दाखवतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन यांना हे 1986 मध्ये सुचलं. इतकी साधी गोष्ट सुचायला शंभर वर्षं लागावीत, याचं मला अजून नवल वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण झाकणाबद्दल एक सांगतो. नळी घालून पेट्रोल चोरतात म्हणून लोक जुन्या टाकीला कुलपाचं नवं झाकण बसवतात. जुन्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते, नव्याला ती नसू शकते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडतं, तसंच इथं होतं. पेट्रोल बाहेर गेलं की आत पोकळी होते, काही अंतरावर इंजिन आचके देत बंद पडतं आणि मिस्त्री बिचारा कार्बोरेटर खोलून बसतो. अशा वेळी आधी झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर दोष झाकणाचा.

आता पाझर. टाकी गाडीवर असताना वेल्डिंग अजिबात नको, आणि काढली तरी नुसती रिकामी करून नको. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती भडकते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार होऊ शकतं. ही वाफ हवेहून जड, त्यामुळे सहज निघूनही जात नाही. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे टाकी न्या. तो ती गरम पाण्यानं आणि वाफेनं धुईल, कामाची जागा सोडून पाण्यानं भरेल आणि बारीक छिद्र असेल तर डाग देऊन बुजवेल. तळाचा पत्राच खाल्ला गेला असेल तर डागावर डाग देण्यापेक्षा नवी टाकी करून घ्या.

टाकी बाहेर आहे तोवर ती बसते तो खोलगट भागही तपासा. तिथं पाणी साचून पत्रा खालून गंजतो, पाण्याचा निचरा होणारं भोक मोकळं करा. रबरी नळ्या आणि एसी पंपाचा पडदा जुने असतील तर तेही बदला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या उसाला त्यानं गिऱ्हाईक मिळालं हे खरं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ओल धरून टाकी आतून गंजवतं.