युरिया, अमोनिया आणि जठरातील जंतू

पळसदेव परिसरात उसाला युरिया देणाऱ्या शेतकऱ्यांस एक गोष्ट ठाऊक असते. ओल्या जमिनीवर युरिया उघडा राहिला की त्यातील नत्र वाया जाते. जमिनीतील सूक्ष्म जंतूंचे युरिएज नावाचे विकर युरियाचे विघटन करते व त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात. हीच क्रिया माणसाच्या जठरातही घडू शकते.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू जठराच्या अस्तरात राहतो. शरीरातील युरियापासून अमोनिया बनवून तो आपल्याभोवतीच्या आम्लाचा जोर मोडतो. ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढविला. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अनेकांना या जंतूचा त्रास होत नाही. परंतु काहींना त्यापासून जठरव्रण, तर क्वचित कर्करोगही होतो.

तपासणीच्या पद्धती

१. श्वासपरीक्षा : रुग्णास खुणेचा कार्बन असलेला औषधी युरिया देतात. जंतू असल्यास तो कार्बन थोड्याच वेळात उच्छ्वासात सापडतो. शेतातील युरिया मात्र कदापि पोटात घेऊ नये.

२. शौचाची परीक्षा : तीत जंतूचे अंश शोधतात.

३. दुर्बिणीची परीक्षा : अस्तराचा सूक्ष्म तुकडा युरिया व रंगद्रव्य असलेल्या माध्यमात ठेवतात. अमोनिया निर्माण झाल्यास रंग पालटतो.

रक्तपरीक्षेवर विसंबू नये; जंतू नष्ट झाल्यावरही रक्तातील खुणा दीर्घकाळ राहतात.

घ्यावयाची दक्षता

ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे जंतू असूनही तो नाही असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा गोळ्या दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद ठेवावीत. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. त्याविना जंतू गेला असे मानू नये.

वारंवार पोटात जळजळ होत असता दुकानातून गोळ्या आणून महिनोन्महिने दिवस काढणे हितावह नाही. अशा व्यक्तीस गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळण्यास अडचण वा अकारण वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही दवडू नये.